आधी अस्तर, मग रंग!

वाकडमध्ये राहणाऱ्यांना धूळ म्हणजे काय, हे समजावून सांगायची गरज नाही. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने स्वतःचं नाव लिहिता येतं. खिडकीसमोरची एक बिल्डिंग पूर्ण होते, तोवर तिच्या शेजारी दुसरीचा खड्डा खणून झालेला असतो. अशा ठिकाणी घरात बसून ओल्या कॅनव्हासवर काही करायचं, म्हणजे जरा धाडसच! तरीही सध्या आमच्या एरियात याचीच क्रेझ आहे. शुक्रवारी रात्री हिंजवडीहून निघून भूमकर चौकाचा ट्रॅफिक झेलत घरी पोचलेली मंडळी शनिवारी सकाळी कुठल्याशा कॅफेत अ‍ॅप्रन बांधून बसतात. दोन तासांत 'टेक्स्चर आर्ट' होतं, फोटो निघतात, कॅनव्हास डिकीत जातो. आठवड्याचं टेन्शन गायब!

यात हसण्यासारखं काही नाही. दिवसभर स्क्रीनवर बोट फिरवणाऱ्या माणसाला जेव्हा हाताला लागेल असं काहीतरी खरखरीत मिळतं, तेव्हा त्याला किती बरं वाटतं, ते बघायचं असेल तर अशा एखाद्या वर्कशॉपमध्ये जरूर डोकावा. मिक्स्ड मीडियाचा फंडा सोपा आहे. एकाच कॅनव्हासवर रंग, कागद, कापड, वाळू, दोरा, गोणपाट, जे सुचेल ते. आणि या सगळ्यांना धरून ठेवायला खाली एक जाडसर, खडबडीत थर. मराठीत त्यासाठी किती छान शब्द आहे... पोत!

मी फ्रीलान्स पत्रकार. त्यामुळे अशा वर्कशॉपला मी गेले ती स्टोरीसाठी. परत आले ती मात्र सामानाची यादी घेऊन. आमच्या हॉलमध्ये सोफ्यामागची भिंत दोन वर्षं रिकामी होती. तिथे दोन फूट बाय तीन फुटांचा एक कॅनव्हास लावायचा, आणि तो विकत आणायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

दुपारचे दोन रहिवासी

आमच्या बिल्डिंगमध्ये वीकडेला दुपारी शुकशुकाट असतो. आई शाळेत शिकवते, ती पाचला येते. उरतो आम्ही दोघं. मी लॅपटॉपवर आणि बाबा बाल्कनीत.

बाबा चाकणच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत पेंट शॉपमध्ये होते. एकतीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी नवी लाइन आली, रंग मारायला रोबो आले आणि जुन्या लोकांसमोर व्हीआरएसचे फॉर्म आले. बाबांनी सही केली तेव्हा ते चौपन्न वर्षांचे होते. 'घेतली' असं आपण म्हणतो, पण हातात आलेला फॉर्म परत करता येत नाही, हे त्या फॉर्मवर कुठे लिहिलेलं नसतं.

त्या पैशांत आणि थोड्या लोनमध्ये हा फ्लॅट आला. बाबांकडे सगळं होतं. नवं घर, नवी लिफ्ट, चौदाव्या मजल्यावरचा वारा... फक्त जायला जागा नव्हती. सकाळी साडेपाचला त्यांना आपोआप जाग यायची, कंपनीच्या बसची वेळ ती. मग दिवसभर ते समोरच्या साइटकडे बघत बसायचे. आमचं बोलणं किती? "चहा टाकू?" "टाक." बस्स! मी जगभरच्या लोकांच्या मुलाखती घेते. बाबांच्या कामाबद्दल मला माहीत होतं ते एवढंच, की कपड्यांना थिनरचा वास येतो.

तर त्या मंगळवारी दुपारी मी जमिनीवर पेपर पसरले, कॅनव्हास ठेवला आणि जेसोचा डबा उघडला. जेसो म्हणजे कॅनव्हासचं अस्तर. खडूसारखी पांढरी पूड आणि तिला बांधून ठेवणारा अ‍ॅक्रिलिक पदार्थ. युरोपात पूर्वी हेच काम खडू किंवा जिप्सम आणि जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस यांवर चालायचं. आपल्याकडे स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात आता त्याचा डबा सहज मिळतो. 1931 मध्ये शाईपासून सुरुवात केलेल्या दांडेकरांच्या कॅम्लिनपासून परदेशी ब्रँडपर्यंत, बजेटप्रमाणे!

मी ब्रश बुडवणार, इतक्यात बाल्कनीतून आवाज आला.

"सरफेस पुसलास का?"

रंग नवव्या नंबरवर

दोन वर्षांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. मी मान हलवली, पण तोवर बाबा उठलेच. त्यांनी बाल्कनीचं दार लावलं, पंखा बंद केला आणि फरशीवर ओलं फडकं मारलं. "जमीन ओली असली की धूळ उडत नाही. पेंट शॉपमध्ये धुळीचा एक कण बसला ना, की त्याची पुळी होते. मग अख्खं पॅनल रीवर्कला."

कॅनव्हास त्यांनी बोटाने वाजवून बघितला. ढोलकीसारखा टणटण वाजला पाहिजे, हे मी वर्कशॉपमध्ये शिकले होते. ते बाबांना कोणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी तेच केलं. मग मधोमध अंगठा दाबून म्हणाले, "हे हलतंय. याच्यावर तू जड माल लावणार? खाली आधार पाहिजे."

खरंच आहे. ताणलेलं कापड हे स्प्रिंगसारखं असतं. वर जाड पेस्ट थापली की ते मधे झोल खातं आणि वाळलेला थर त्याच्याबरोबर वाकू शकत नाही. म्हणून खूप जड टेक्स्चर करायचं असेल तर प्लाय किंवा एमडीएफचा बोर्ड बरा. कॅनव्हासच हवा असेल तर काम करताना त्याच्या खाली, फ्रेमच्या आत बसेल असा पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा सरकवायचा. बाबांनी जुन्या कपाटाचा एक तुकडा शोधून आणला. मापाला अगदी बरोबर!

मग मी सहज विचारलं, "बाबा, गाडीला रंग मारायच्या आधी काय काय करतात?"

ते बोटं मोडत सांगायला लागले. "बॉडी आधी धुवायची, तेलाचा एक थेंब राहता कामा नये. मग फॉस्फेट. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवायची आणि करंट लावून प्रायमर बसवायचा. मग ओव्हन. मग सांध्यांना सीलर. मग सरफेसर. परत ओव्हन. मग घासायचं. मग रंग."

मी मोजलं. रंग नवव्या नंबरवर आला होता.

"आणि तुम्ही कुठे होता?"

"घासायला. आठ नंबर." बाबा हसले. "लोक शोरूममध्ये रंगावरून हात फिरवतात ना, तो हात खरं तर आमच्या कामावरून फिरत असतो. पण ते झाकलेलं."

गाडीवरचे हे सगळे थर मिळून जाडी किती असते, माहितीये? साधारण एक दशांश मिलिमीटर. एकतीस वर्षं बाबा त्या एक दशांशाच्या आतल्या एका थरावर काम करत होते आणि बाहेर गेलेल्या एकाही गाडीवर ते दिसत नव्हतं.

घाई केली की तडा

कॅनव्हास दुकानातून येतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा एक अस्तर दिलेलं असतं. तरी आपण जेसोचे दोन हात द्यावेत. पहिला आडवा, दुसरा उभा. पातळ. मधे तो पूर्ण वाळू द्यायचा आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं. मास्क लावून हं! गुळगुळीत करायला नव्हे, तर पुढच्या थराला पकड मिळावी म्हणून. बाबा त्याला 'दात पाडणं' म्हणतात. घासून झालं की त्यांनी डोळे मिटले आणि तळहात कॅनव्हासवर फिरवला. "डोळ्याला दिसत नाही, ते हाताला कळतं." मग मोबाइलचा टॉर्च लावून तो समोरून नाही, तर कडेने, अगदी आडवा धरला. आणि काय सांगू! सपाट वाटणाऱ्या पांढऱ्या कापडावर डोंगर-दऱ्या दिसायला लागल्या. राहिलेले ब्रशचे केस, एक खळगा, एका कोपऱ्यात जमलेला थेंब... टेक्स्चर करणाऱ्या प्रत्येकाने ही ट्रिक लक्षात ठेवावी. पोत समोरच्या उजेडात लपतो आणि कडेच्या उजेडात बोलतो.

आता मुख्य गोष्ट, पेस्ट. बाजारात मॉडेलिंग पेस्ट मिळते, बहुधा अ‍ॅक्रिलिकमध्ये संगमरवराची पूड घातलेली. घरी करायची तर खडूची पावडर, फेव्हिकॉल आणि थोडा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग, श्रीखंडाइतकं घट्ट. वाकडमध्ये पावलोपावली साइट असल्यामुळे अनेकांना वाटतं, वॉल पुट्टीच वापरू की! स्वस्त आणि मस्त. बाबांना मी तेच विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, "ट्रायल पॅनल करू."

कॅनव्हासच्या उरलेल्या पट्टीवर पेन्सिलने चार चौकोन पडले. एकात मॉडेलिंग पेस्टचा पातळ थर. दुसऱ्यात तीच पेस्ट, पण बोटभर जाड. तिसऱ्यात तशीच जाड, पण थेट पंख्याखाली. चौथ्यात डांगे चौकातून आणलेली सिमेंटची पुट्टी. प्रत्येकाखाली तारीख, वेळ आणि थर. माझ्या वडिलांचं अक्षर इतकं सुरेख आहे, हे मी बऱ्याच वर्षांनी बघत होते.

दुसऱ्या दिवशी निकाल समोर होता. पातळ थर छान. जाड थर वरून कोरडा, आतून अजून गार लागणारा. पंख्याखालच्या चौकोनाला मधोमध तडा. आणि पुट्टी? दिसायला सगळ्यात कडक! बाबांनी पट्टी दोन्ही हातांत धरून जराशी वाकवली. कट् असा आवाज आला आणि पुट्टीचा पापुद्रा जमिनीवर.

कारण सोपं आहे. अ‍ॅक्रिलिक पेस्ट पाणी उडून वाळते. वरचा थर आधी वाळून कातडं धरतो, आतलं पाणी नंतर निघतं, माल आकसतो आणि वरच्या कातड्याला ओढतो. पंख्याने हे आणखी घाईत होतं. सिमेंटची पुट्टी भिंतीसाठी बनलेली, न हलणाऱ्या गोष्टीसाठी. कॅनव्हास हलतो. म्हणून नियम एकच, जाड पोत हवा असेल तरी थर पातळच द्यायचे. दोन मिलिमीटर, मग एक दिवस थांबायचं, मग पुन्हा दोन. पावसाळ्यात दोन-तीन दिवससुद्धा. आमच्या पिढीला ही गोष्ट जरा जड जाते. दहा मिनिटांत ग्रोसरी मागवणाऱ्यांना थराला वेळ दे म्हणणं, म्हणजे अवघडच की!

आई पाचला आली. हॉलमधले पेपर, डबे, पट्ट्या आणि जमिनीवर मांडी घालून बसलेले आम्ही दोघं. "समोरची साइट कमी होती का?" एवढंच म्हणाली आणि तिघांचा चहा टाकायला गेली.

अजिंठ्याचं अस्तर

त्या रात्री मला अजिंठा आठवला. मास कॉमला असताना कॉलेजच्या ट्रिपला आम्ही छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. 1983 मध्ये जागतिक वारसा ठरलेली ती लेणी बघताना आम्ही सगळे पद्मपाणीसमोर उभे होतो. मी मात्र एका कोपऱ्यात, जिथे चित्र गळून पडलंय, तिथली भिंत बघत होते. तिथे दिसतं, की रंगाच्या आत काय आहे. छिन्नीच्या खुणा असलेला खडबडीत दगड. त्यावर मातीचा गिलावा, त्यात दगडाची कच, गवताचे आणि वनस्पतींचे तंतू, भाताचं तूस. त्यावर पांढरा पातळ हात. आणि मग, अगदी शेवटी, रंग.

बाबांना हे सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "दगड गुळगुळीत नाही केला, म्हणजे दात ठेवले त्यांनी." मी बघतच राहिले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं काम चाकणच्या शॉपफ्लोअरवरच्या माणसाला एका सेकंदात कळलं होतं.

यातली आणखी एक गंमत ऐका. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेरूळच्या गिलाव्यात चक्क भांगेच्या झाडाचे तंतू सापडले! अजिंठ्यात ते नाहीत. अजिंठ्याच्या गिलाव्यातल्या वनस्पतींवर किडीने ताव मारला. वेरूळला ते फारसं झालं नाही, आणि त्यामागे हे तंतू असावेत, असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्यासाठी धडा काय? कॅनव्हासवर डाळी, तांदूळ, शेवया चिकटवण्याची सध्या टूम आहे. छान दिसतात, पण किडीला ते आमंत्रणच. त्यापेक्षा गोणपाट, जाळीचं कापड, सुतळी, आतली त्वचा काढून धुतलेली अंड्याची टरफलं घ्या. वाळू घ्या, पण चाळून, दोन-तीनदा धुऊन आणि खडखडीत वाळवून. वाळूतली माती पेस्टची पकड सोडवते.

अजिंठाच कशाला? डहाणूकडच्या वारली घरात कुडाची भिंत आधी माती आणि शेणाने सारवली जाते, तिला गेरूचा हात दिला जातो. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग त्यानंतर. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. पण भिंत कापड झाली, तरी शेणाचा हात त्यांनी कापडालाही दिला. खालचा थर सोबत नेल्याशिवाय वरचं चित्र तेच राहत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि आपले वासुदेव गायतोंडे. 1924 मध्ये नागपूरला जन्मलेले, जे.जे.त शिकलेले. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. 2013 मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. मी फोनवर त्यांचं एक चित्र बाबांना दाखवलं आणि हा आकडाही सांगितला. हा आकडा ऐकल्यावर लोक म्हणतात, "काय सांगतेस!" किंवा "यात आहे काय एवढं?" बाबांनी चित्र दोन बोटांनी मोठं केलं, फोन तिरका धरला आणि बराच वेळ बघून विचारलं,

"किती कोट असतील गं?"

मागच्या बाजूला

आमचा कॅनव्हास पुढच्या नऊ दिवसांत तयार झाला. दोन हात जेसो. त्यावर डाव्या बाजूला गोणपाटाचा तुकडा, पेस्टमध्ये नीट दाबून, खाली हवा राहू न देता. मधे तीन पातळ थर, शेवटचा ओला असताना जुन्या कंगव्याने ओढलेला. उजव्या कडेला धुतलेली वाळू. आणि सगळ्यावरून पुन्हा जेसोचा एक पातळ हात, म्हणजे गोणपाट, वाळू आणि पेस्ट यांची रंग पिण्याची ताकद सारखी होते. नाहीतर एकीकडे रंग गडप आणि दुसरीकडे तरंगतोय, असं होतं. यापुढे पातळ रंग ओतून फडक्याने पुसला, की तो खळग्यांमध्ये राहतो, आणि जवळजवळ कोरडा ब्रश वरून फिरवला, की फक्त उंचवटे उजळतात. पोताची खरी मजा तिथे.

या नऊ दिवसांत बाबा किती बोलले! तिसऱ्या शिफ्टमध्ये झोप येऊ नये म्हणून कोण काय करायचं, पहिल्या पगारात त्यांनी आजीला काय आणलं, ओव्हनजवळ मे महिन्यात कसं वाटायचं... आणि एका दुपारी, कंगवा पुसता पुसता, म्हणाले, "रोबो चांगलं काम करतो गं. आमच्यापेक्षा एकसारखं. मी बघितलंय. मला राग त्याचा नाही." पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. वाळायला वेळ लागतो.

पांढरा कॅनव्हास आता भिंतीला टेकून उभा आहे. रंग कुठला, यावर घरात तीन मतं आहेत. आईला समुद्राचा निळा हवाय, मला गेरू आणि बाबांना 'आहे तसाच राहू दे' असं वाटतं. परवा मी तो पुसायला उचलला, तेव्हा मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलने लिहिलेलं दिसलं. जेसो दोन कोट, पेपर 220, पेस्ट तीन थर, वरून जेसो एक. प्रत्येकापुढे तारीख. आणि खाली, पेंट शॉपमधल्या कार्डावर असतो तसा 'तपासले' असा रकाना, त्यात बाबांची सही.

काल त्यांनी माझ्याकडे नवीन यादी दिली. पेपर 400 नंबरचा, एक पत्ती, एक प्लायचा तुकडा... आणि 'कॅनव्हास, दोन बाय तीन, एक नग.'

"हा कोणासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठी," बाबा म्हणाले. "आणि रंग मी मारणार आहे."